खोळ

अल मदामच्या फाट्यापासून आत,
क्रशरच्या मागे, पत्र्याच्या खोलीत
मी वाळू चाळते.
सात चाळण्या, एकीखाली एक,
तळाशी थाळी. यंत्र दहा मिनिटं थरथरतं,
टेबलावरचा चहासुद्धा.

वाळू आणतो गुल जमीन, बन्नूचा.
"मॅडम, आज माल्टा आया है," म्हणतो,
आणि पोतं उघडलं की खरंच,
संत्र्याची साल उन्हात वाळवून
कुणी खलबत्त्यात कुटावी तसा रंग.
समुद्राकडची वाळू फिकी, ताकासारखी.
आत आत जावं तशी ती पिकत जाते.
जितकी जुनी तितकी गडद, असं पुस्तकात आहे.
गुल जमीनचं म्हणणं वेगळं:
उन्हाला लाज नाही, म्हणून वाळू लाजते.

कामाला ती कुचकामी.
वाऱ्याने घोळून घोळून इतकी गोल केलेली
की सिमेंटला धरतच नाही.
दर वेळी मी तेच लिहिते: नापास.
दर वेळी ती वहीच्या शिवणीत शिरून
माझ्याबरोबर घरी येते.

सकाळी सहाला कुंपणापाशी सांडा बसलेला असतो,
इथे त्याला धब म्हणतात.
आमच्या आठवडी बाजारात याचं तेल विकायचे,
गुडघ्यांसाठी, आणि न सांगण्यासारख्या तक्रारींसाठी.
सहाला तो राखाडी, विझल्या चुलीतून उठल्यासारखा.
आठला पिवळा.
दहाला पाठ पार केशरी.
करत काही नाही. नुसता तापतो.
एवढं मला एकोणीस वर्षांत जमलेलं नाही.

टाकी गळते तिथे रुई उगवली आहे.
तिच्यावर मार्चमध्ये नारिंगी फुलपाखरं आली,
पंखांच्या टोकांना काळं, त्यात पांढरे ठिपके,
आणि उडणं असं निवांत
की यांना कुणी खात नाही हे यांना ठाऊक असावं.
शनिवार होता.
शनिवारी रुई दिसली की बोटं आपोआप पानं मोजतात.
अकरा मोजली, आणि हात मागे घेतला.
माळ घालणार कुणाला?

आमच्या गावच्या मारुतीला चेहरा नव्हता.
पिढ्यान्पिढ्यांचं तेल, शेंदूर,
नाक कुठे, डोळे कुठे, गुरव सांगेल तिथे.
मी सातवीत असताना एका रात्री
खोळ गळून पडली, वीतभर जाड.
आत काळा दगड,
लहानसा, जरा तिरपा,
ओठांवरचे टाकीचे घाव
कालचे वाटावेत असे.
बायका रडल्या.
"देव उघडा पडला," तुकतुकीत डोक्याचा बाबू गुरव म्हणाला,
आणि दुपारच्या आत शेंदूर कालवायला बसला.

परवा, नापासाचा शिक्का मारून झाल्यावर,
चिमूटभर वाळू मी गरम आम्लात टाकली.
कुणी सांगितलं नव्हतं.
आधी शिंपल्यांचे कण फसफसले,
मग पाणी पिवळं, मग कोऱ्या चहासारखं,
आणि तळाशी
पांढरे, काचेसारखे दाणे.
एवढंच होतं.
नारिंगी म्हणजे नुसती साल,
केसाहून पातळ, गंजलेलं लोखंड.

गुल जमीन पेला उजेडाला धरून बघत राहिला.
"रंग किधर गया?"
पाण्यात, म्हटलं.
"वापस नहीं चढेगा?"
चढेल की. वाऱ्यावर ठेव, काही हजार वर्षं.
तो हसला नाही.

सुट्टी झाल्यावर त्याने ते दाणे धुतले, कागदात घेतले,
कुंपणाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी गेला
आणि पुडी झटकली.
सूर्य बुडायला वीस मिनिटं होती.
त्या वेळी तिथे पांढरं असं काही उरत नाही,
ना टाकी, ना उंटीण, ना त्याची दाढी.
ते कुठे पडले, मी खिडकीतून शोधत राहिले.
कागद मात्र त्याने
नीट घडी घालून खिशात ठेवला.