ब्रेक

पोर्टलंडात, जिथं लाँड्री होती तिथं आता कॉफी.
दारात सायकली टांगलेल्या, खाटकाकडच्या बोकडांसारख्या
सोलून: गिअर नाही, ब्रेकही नाही.

"ब्रेक हवाच कशाला?" मिशीला मेण लावलेला पोरगा म्हणाला.
बाबा रे, माझ्यातही नव्हता.
तीन लग्नं झाली, दीड कादंबरी.

मग त्याला माझी दिसली. गंजकी, लेडीज,
टोपलीत राय व्हिस्की आणि कांदे.
"अस्सल आहे हो! चारशे डॉलर देतो."

जज्जानं लायसन काढून घेतलं त्या हिवाळ्यात
शेजारच्या मिसेस हूबरनं ती दाराशी आणून ठेवली होती,
एक शब्द न बोलता.

गंज विकत नाही, म्हटलं.
घोट घे हवा तर.

त्यानं आधी बाटलीचं तोंड पुसलं.
खोकला मात्र अस्सल निघाला.