एकावर तारा

जिंतूरच्या बसस्थानकामागं, झेरॉक्सच्या दुकानात
मुबशिरानं जाहिरात काढून दिली.
बावीस पानं, पाठपोट, चव्वेचाळीस रुपये.
"काका, नीट वाचा," ती म्हणाली,
"मागल्या भरतीला एकानं धर्माच्या रकान्यात
रेजिमेंट लिहिली होती."

हसलो. लिंबाखाली बसलो,
अन् पहिल्याच पानावर अडकलो:
'विहित अर्हता धारण करीत असल्यास.'
उपवास धरतात, सुतक धरतात, शस्त्र धरतात.
अर्हता कशी धरायची, कोणत्या खांद्यावर?

सतरा वर्षं मी खेचरं सांभाळली.
लोक विचारतात, फौजेत खेचरं असतात का?
असतात. रस्ता संपतो तिथून पुढं
रॉकेल, डाळ, गोळे,
एकदा तर एक माणूस, आडवा, दोरानं बांधलेला.
खुरावर नंबर असतो. माझं चारशे बारा.
बर्फ दिसला की ते आधी खूर टेकवायचं,
थांबायचं,
मगच वजन टाकायचं.
ओढलं तरी नाही, ओरडलं तरी नाही.

पद: वाहनचालक. अनुभव: जड वाहन, तीन वर्षे.
चारशे बारा साडेतीनशे किलोचं होतं. हे चालत नाही.
पद: लिपिक. टंकलेखन, मिनिटाला तीस शब्द.
मी दिवसाला तीस बोलतो.
पद: शिपाई.
इथं जरा थांबलो.
भरती झालो तेव्हा मला हेच म्हणाले होते,
अन् आईनं पेढे वाटले होते.
तोच शब्द. आता त्याच्या हातात ट्रे आहे.

रात्री रेणुकानं गणिताच्या वहीत
मागल्या पानावर मांडलं:
वय बेचाळीस, वजा सेवा सतरा,
वजा आणखी तीन, सवलतीचे.
"पप्पा, तुम्ही बावीसचे!"
बावीसचा होतो तेव्हा गुडघा आहे
हे मला ठाऊकही नव्हतं.
सुलक्षणा भाकरी थापत होती, आतूनच म्हणाली,
"अन् वजा केले ते सतरा?
ही पोरगी त्यातच झाली. माझे वडील त्यातच गेले.
ते कुठं जमा करतात, तेही बघ त्या कागदात."
रेणुकानं पानं चाळली.
तसा रकाना नव्हता.

पान अकरा: समांतर आरक्षण.
परभणीला सैनिक कल्याण कार्यालयात गेलो.
सुभेदार खोडवे, तेही निवृत्त, तेही खुर्चीवर पाय घेऊन बसणारे,
त्यांनी पट्टीनं रेघ मारून दाखवली.
"हे उभे रकाने जातीचे. तू आडवा.
सगळ्यांतून आडवा जातोस असं वाटतं,
पण मोजतात तुला तुझ्याच उभ्या रकान्यात.
शेजारच्यात पाय टाकू नको."
एवढं कळलं. खेचरांच्या वाटाही अशाच असतात,
कडा सगळ्यांचा, पाऊल एकट्याचं.

माझ्या रकान्यात आकडा होता: १*
नायक उत्तरेश्वर शिंपले, दंडावर दोन फिती,
खांद्यावर कधी तारा आला नाही.
इथं माझ्या एकावर आहे.
तळाशी बारीक अक्षरांत ताऱ्याचा अर्थ:
'पदसंख्येत बदल होण्याची शक्यता आहे.'

शेवटच्या तारखेला दुकानात गर्दी.
दोनदा लाईट गेली. तिसऱ्यांदा अर्ज पूर्ण भरला.
"काका, सादर करू? मग काही बदलता येत नाही."
"थांब," म्हणालो.
पडद्यावर बोट टेकवत एकेक ओळ वाचत गेलो.
नाव. जन्मतारीख. सेवामुक्तीची तारीख.
शब्द दबतोय का, बघत.
मागची पोरं कुरकुरली,
कोणी तरी म्हणालं, फौजी झोपला वाटतं.
मुबशिरा काही बोलली नाही.
तिनं माउस सोडला, दोन्ही हात मांडीवर ठेवले
अन् वाट पाहिली,
जशी मी पाहायचो
लगाम ढिला सोडून,
चारशे बारा पुढं बघत असताना.