भेकराचा रंग

दादरच्या दुकानात लड्या घेऊन
मी दाराशी, उजेडात जाते.
"तपकिरीत सतरा आहेत, काकू," मोरजकर म्हणतो.
"काढायचंय काय? हरीण?"

हरीण नाही. भेकर.
मुलुंड कॉलनीच्या शेवटच्या भिंतीमागे,
कचऱ्याची गाडी यायच्या आधी,
एकदाच दिसलेलं.
हे म्हणाले, कुत्रं असेल. भुंकलं ना?

भेकर भुंकतंच.

पाठीला विटकरी घेतला. एकपदरी,
लांब-आखूड टाका, केस वळतील तसा.
पोटाला पांढरा नको,
तांदळाच्या धुवणाचा हवा;
तो मोरजकरला माळ्यावरून काढावा लागला.
कपाळावरच्या दोन काळ्या रेघांना उलटी टीप.
पायांना देठटाका, थोडा तिरका,
कारण ते उभं नव्हतंच,
निघालेलं होतं.
गवताला हिरवा धावदोरा, हाताला येईल तसा.

डोळ्याची गाठ दोनदा उसवली.
पहिला डोळा बाहुलीचा झाला,
दुसरा शेजारच्या वागळेबाईंचा.
तिसरा राहू दिला.

रात्री हे चष्मा शोधून
रिंग हातात घेतात, उलटी.
गाठी, लोंबते दोरे,
विटकरीत घुसलेलं हिरवं.
बराच वेळ बघतात.
"हं," म्हणतात,
"असंच काहीतरी हललं होतं खरं."