माई चिसालेची वही

झोम्बाच्या डोंगरावरून धुकं उतरतं
तेव्हा आमच्या वसतिगृहात पाणी नसतं.
हे यमक मी जुळवलेलं नाही.
पाचवा महिना आहे, आपोआप जुळतंय.

बादल्या घेऊन आम्ही फाटकापर्यंत जातो.
तिथे माई चिसाले मंदासी तळते
आणि तिच्या अंगणात नळ आहे.
बादलीचा दर ठरलेला,
परीक्षेच्या आठवड्यात दुप्पट.
कुणी कुरकुर केली तर झारा न थांबवता म्हणते,
‘मी काय विद्यार्थी संघटना आहे,
फुकट द्यायला?’

वितुमबिको कायिराला मी मत दिलं होतं.
खोटं कशाला बोलू, नुसतं मत नाही,
उरलेल्या न्सिमाची खळ करून
रात्री दोन वाजता अलिनाफेच्या खांद्यावर चढून
त्याची पोस्टरं डकवली होती.
ग्रंथालयाच्या भिंतीवर, बस थांब्यावर,
धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांच्या खुराड्यावरसुद्धा.
पोस्टरमध्ये तो एका वाहत्या नळाशेजारी उभा होता.
नळ कुणाचा, ते मी तेव्हा विचारलं नाही.
माईचाच होता.

निवडून आल्यावर त्याने आधी कोट शिवले.
अकरा कोट, गडद निळे,
खिशावर सोनेरी धाग्यात हुद्दा.
मग पाण्यासाठी समिती नेमली,
समितीला जमेना म्हणून उपसमिती.
उपसमितीच्या बैठकीत प्रत्येकापुढे बाटलीबंद पाणी होतं.
अलिनाफेने सहा बाटल्या दप्तरात घालून पळवल्या,
त्यात आम्ही दोघींनी केस धुतले.
त्याच्या कार्यकाळातलं
एवढंच काम माझ्या डोक्यापर्यंत पोहोचलं.

चारशे बारा सह्यांचं निवेदन नेलं त्याने.
परत आला तो हसत.
कुलसचिवांनी चहा पाजला म्हणे, खुर्ची दिली,
नावाने हाक मारली.
‘त्यांनी मुद्दा समजून घेतला,’ तो म्हणाला.
मुद्दा समजून घेतला!
जसा एखादा पाहुण्यांचं लेकरू मांडीवर घेतो
आणि ओलं व्हायच्या आत परत देतो.

रागाने मी त्याचं नाव टाकलं.
मग एका संध्याकाळी वीज गेली
आणि रांग जागच्या जागी थांबली.
माईने मेणबत्ती लावून डब्याखालून वही काढली,
तेलाने पानं काचेसारखी झालेली.
‘वाच,’ म्हणाली, ‘तुला वाचायची हौस आहे ना.’

प्रत्येक पानावर एक अध्यक्ष.
ग्रेशियन म्कांदाविरे : दोनशे मंदासी, निवडणुकीची आदली रात्र.
योटामू न्यिरोंगो : तीनशे, आणि एक पातेलं, परत आलं नाही.
पुढचा आता कुठल्याशा खात्यात मोठा माणूस आहे,
त्याची गाडी इथूनच जाते, काचा वर करून.
शेवटी कायिरा : तीनशे चाळीस, चहा वेगळा.
‘भाषण सगळ्यांचं एकच,’ माई म्हणाली,
‘भूक मात्र दरवर्षी वाढते.’

एकाच पानावर आडवी रेघ होती, हिशेब चुकता.
एस्नार्ट गोंद्वे, साठ मंदासी.
मी म्हटलं, ही कुठली अध्यक्ष? ऐकलं नाही कधी.
‘ती हरली होती,’ माई म्हणाली.
‘दुसऱ्या दिवशी सकाळी आली, डोळे सुजलेले,
नाणी मोजून दिली.
नळाचा वॉशरही बदलून गेली.’

कढईत तेल निवत होतं.
माझ्या बादलीत अर्धं पाणी, त्यात मेणबत्ती थरथरत होती.
माईने कोरं पान उघडलं, अंगठ्याने दाबून सपाट केलं.
‘तुझी मैत्रीण उभी राहतेय म्हणे.
दीडशे सांगून गेलीय सकाळी.’

अलिनाफे.
जिच्या खांद्यांना अजून माझ्या टाचा ठाऊक आहेत.
मला तिने काही सांगितलं नव्हतं.
किंवा सांगितलं असेल,
मी खळ ढवळत असेन.

‘लिहू ना नाव?’ माईने विचारलं.
रांगेत मागून कुणीतरी बादली वाजवली.
मी म्हटलं, लिही.
पेन्सिलीने लिही.