जुन्या आवृत्त्या काढायच्या का?

गुंतिसनं डब्लिनहून पाठवलेली तबकडी
दोन आठवडे पावाच्या डब्यावर पडून होती.
आज रविवार. बाहेर उणे अकरा.
कुल्दीगात आज कुणी कुणाकडे जाणार नाही.

"फोन कानाला लावून ठेव, आई,
मी सांगतो तसं कर."
केलं. पंचवीस अक्षरांची किल्ली,
त्यातलं एक शून्य की ओ
यावरून आमचं थोडं वाजलं.

मग पडद्यानं विचारलं,
जुन्या आवृत्त्या काढायच्या का?
खाली तीन गोल: सगळ्या काढा, सगळ्या ठेवा,
आणि तिसरा, मला न कळलेला.

"काढून टाक," गुंतिस म्हणाला,
"दोन्ही कशाला? एकमेकींच्या पायात येतात."

ओयार्सही हेच म्हणाला असता.
पेटीत नवी आणायची तर जुनी आधी काढायची.
आमच्या भाषेत तिला राणी म्हणत नाहीत,
माश्यांची आई म्हणतात.
तो तिला चिमटीत धरायचा
आणि मला सांगायचा, स्कैद्रीते,
जरा किटली बघून ये.
किटलीला काही झालेलं नसायचं.

नवीला मग काडेपेटीएवढ्या पिंजऱ्यात टांगायचा,
तोंडाशी साखरेचा गोळा.
माश्या तो खात खात आत पोचेपर्यंत
तिच्या वासाला सरावतात.
पण एकदा, सात नंबरच्या पेटीत,
आई आणि लेक अख्खा ऑगस्ट एकत्र नांदल्या.
"असं होतं कधी कधी," तो म्हणाला होता,
"पण ते आपण ठरवायचं नसतं."

मी गुंतिसला सांगितलं, काढल्या.
आणि दाबलं, सगळ्या ठेवा.

जागा पुरत नव्हती.
मग ज्ञानकोश काढला. त्यातला हत्ती
बटण दाबलं की सोंड वर करून ओरडायचा;
गुंतिस लहान असताना दिवसातून वीसदा.
त्याला हे कशाला सांगू.

निळी पट्टी सरकत राहिली.
यंत्राचा आवाज पोळ्यासारखा आला
असं लिहायला आवडलं असतं.
नाही आला. दाढीचं जुनं मशीन घरघरावं तसा आला.
मी बटाटे सोलले. फोन कधीच ठेवला होता.

संध्याकाळी नव्यात त्याची वही उघडली:
पेट्या, तारखा, किलो.
सगळं पान लाल रेघांनी भरलेलं.
मिल्दा, तेक्ला, थोरली ओतीलिया, रागीट ओतीलिया,
मावश्यांची नावं दिलेल्या त्याच्या सगळ्या आया
नव्याच्या लेखी चुका होत्या.
जुन्याला त्यानं एकेक शिकवलं होतं,
हिवाळ्याच्या रात्री, एका बोटानं.

मीही बसले. प्रत्येक नावावर उजवं बटण,
शब्दकोशात घाला.
घाला.
घाला.
रागीट ओतीलिया दोनदा घातली, चुकून.
रेघा एकेक विझत गेल्या,
मानेला रग लागली.

शेवटी एकच राहिली: धूर.
हा शब्द तो आयुष्यभर ऱ्हस्व लिहीत आला.
सांगून सांगून मी थकले.
मी शाळेत तीस वर्षं शुद्धलेखन शिकवलं,
तो म्हणायचा, धूर काय
तुझ्या वेलांटी-उकाराला विचारून वर जातो?
मग एक दिवस त्यानं जुन्याकडूनच
तो मंजूर करून घेतला आणि विषय मिटवला.

ही रेघ मी तशीच ठेवली.
चला, या घरात कुणीतरी
माझ्या बाजूचं आलं.

झोपायला उठले होते. कार्डिगन घातला,
आणि पुन्हा बसून तीच वही
जुन्यात उघडून पाहिली.

तिथे रेघ नव्हती.
तिथे अजून त्याचंच बरोबर होतं.