नाव

ब्रनोत, चौथ्या मजल्यावर, ट्रॅमच्या घंटेच्या थोडं वर
झ्डिस्लावा अकराव्यांदा पाणी पुसते आहे.
फार निळं झालंय, म्हणते.
साबणाची जाहिरात वाटतेय.

गेम दोघा भावांचा, ओंद्रा आणि बोर्झिवोय.
पाच वर्षं तळघरात, त्यातली तीन
एक जण दिवसा नळाच्या तोट्या विकत.
धरणाखाली गेलेलं गाव, आणि त्यात एक पोस्टमन,
सायकलवरून अजून पत्रं वाटणारा.
बंदूक नाही. कुणी मरत नाही.
दार उघडतं, हात पुढे येतो,
'धन्यवाद'चे बुडबुडे वर जातात.

गेमचं नाव 'मोर्झे'. म्हणजे समुद्र.
त्यांच्या देशाला समुद्र नाही,
म्हणून त्या गावचे लोक धरणालाच समुद्र म्हणायचे, थोडं हसून.
लिहिताना र वर एक बारीक खूण येते,
चिमटीत धरलेल्या चिमणीएवढी.
ती असली की र ला झ चा काटा फुटतो,
नसली की 'मोरे'.
(आपल्याला वाटेल, कुणा मोरेंचा गेम.)
आणि इंग्रजीत वाचलं तर नुसतंच 'आणखी'.

माल्मोहून वितरक इंगेयेर्ड बोलते, सौजन्याने, घड्याळ बघत:
चेहरा मोठा करा.
दुकानाच्या यादीत तुमचं चित्र अंगठ्याच्या नखाएवढं दिसणार,
शेजारी ड्रॅगन असेल, तलवार असेल, आग असेल.
आणि ती वरची खूण काढा.
लोकांच्या कीबोर्डवर ती नाही.

बोर्झिवोय म्हणतो, काढ.
माझ्या नावातली तर प्रत्येक विमानतळावर काढतात,
सवय झालीय.
ओंद्रा काहीच म्हणत नाही. त्याच्या नावात ती नाहीच.

सूर्यातला रफार काढून बघा,
उरतं त्याने दिवस उजाडेल का?

रात्री ती सगळी चित्रं नखाएवढी छापते,
कात्रीने कापते, फ्रीजवर चिकटवते,
दूध काढायला जाताना चोरून बघते.
चेहरा: बटाटा.
पत्र: पांढरा डाग.
सायकल: चष्मा, चष्मा, पुन्हा चष्मा.

सकाळी चिठोरी मुठीत घेऊन खाली,
थुईबाईंच्या किराणा दुकानात.
काउंटरच्या पलीकडून सांगा, काय दिसतं?
थुईबाई टोमॅटो तोलता तोलता एकावर बोट ठेवतात,
ज्यात खूण अजून पुसायची राहिली होती.
इथे काहीतरी आहे, वर.
मग म्हणतात, माझ्याही नावावर एक होती,
हनोईत.
पाटीवाल्याने तिचे वेगळे पैसे मागितले.

चार जिने. कोट न काढताच ती बसते.
अक्षरं खाली नेते, अगदी तळाशी,
शेवाळात, कौलांच्या रांगेत,
पोस्टमनच्या चाकाला टेकतील इतकी.
खूण मात्र वरच सोडून देते,
एकटी, जिथे पाणी संपतं तिथे.
बुडालेल्या गावातून मान वर करून पाहिलं
तर नावेचा तळ असाच दिसेल,
दोन तिरक्या रेघा, खाली टोक.
वर कोण बसलंय ते दिसत नाही.

यादीत ती नाव चार ठिपक्यांची होते.
ते चार तिने एकेक करून हाताने बसवले,
एक पुसला, परत बसवला.
इंगेयेर्डचं उत्तर येतं: बरं.
शोधायच्या पेटीत मात्र 'मोरे'च राहील.
राहू दे.

उद्या पोस्टर. परवा लांबुडका बॅनर,
त्यात सायकल मावत नाही, बघू.
मग टी-शर्ट, वीसच, पैसे तेवढेच आहेत.
बोर्झिवोय दारात घुटमळतो.
पाठीवर बनवणाऱ्यांची नावं येणार ना?
माझं... पूर्ण येईल?

येईल, ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणते.
पण स्वस्तातली छपाई आहे.
गार पाण्यात धू.