दोन वाव पाणी

नकाशा कुणा खलाशानं काढलेला.
जमिनीशी त्याला कर्तव्य नव्हतं.
किनारा एका ओढीत उरकला,
टेकडीवर खुणेपुरता एक ताड,
आणि मग पाण्यात सगळीकडे आकडे:
तीन. अडीच. दोन. चिखल. दोन.
दोरीला शिसं बांधून त्यानं खाडीला विचारलं होतं
किती खोल आहेस,
आणि खाडी खोटं कशाला सांगेल.

ट्रेसिंग पेपरवर आजचे रस्ते काढून
मी ते त्याच्या आकड्यांवर ठेवले.
शीवच्या पुढच्या सिग्नलला, जिथं मी रिक्षा शोधते,
तिथं मी रोज दोन वाव पाण्याखाली उभी असते.

दफ्तरखान्यात सुखटणकरबाई सांगतात,
पान उलटताना पंखा बंद करा.
कसरीनं पाडलेल्या भोकांतून
मागच्या पानावरची अक्षरं पुढच्या ओळीत येऊन बसतात,
एका गावचं भात दुसऱ्या गावच्या खात्यात जमा होतं.
मी दोनदा फसले. तिसऱ्यांदा पानामागे कोरा कागद धरला.
लिहिणारा परमुलखातला. त्याच्या जिभेला ळ नव्हता.
त्यामुळे वहीत एकही कोळी नाही,
कोली आहेत,
आणि माणसं मोजलेली नाहीत,
टोपल्या मोजल्यात.

तिसरा पुरावा देवळामागे,
बामीबाय वैतींच्या ओट्याला टेकून.
वर चंद्र-सूर्य, खाली गाढव,
मध्ये शेंदराच्या इतक्या पुटांखाली
कुणीतरी कुणालातरी दिलेली जमीन.
बामीबाय त्याच्यावर कोयता परजत आलेल्या,
त्यांच्या सासूबाईही.
डावी कड त्यामुळे गुळगुळीत.
खडूची भुकटी मी घरी विसरले होते.
त्यांनी तांदळाचं पीठ आणून दिलं,
भाकरीचं, वाटीभर, वर म्हणाल्या, सांडू नको.

हातानं चोळलं तशी अक्षरं पांढरी होत वर आली.
पूर्वेस खाडी.
दक्षिणेस चिंच, जोड.
पश्चिमेस मिठाची वाट.
उत्तरेस
आणि दगड तुटलेला.
उत्तरेला काय होतं ते त्या तुकड्याला माहीत,
तो कुठल्यातरी चाळीच्या जोत्यात
उलटा बसला असेल.

"आमचा काय लिवलाय त्यात?"
दगडात काहीच नव्हतं.
मी पिशवीतून वहीची नक्कल काढली, वाचून दाखवली:
कोली. मासळी, टोपल्या तीन, दर अवसेला.
"नाव?"
नाव नाही.
वाटलं, आता त्या रागावतील. मीच रागावले होते,
लेखाचा शेवटही त्या रागावर बेतून ठेवला होता.
बामीबाय बोटांवर काहीतरी मोजत होत्या.
"अवसंला ना? मंग बराबर हाय.
उधानाला डोल भरते.
भांगाला मागली असती तर काय, चिखल दिला असता?"

मी नक्कल पुन्हा पाहिली.
ज्याला ळ येत नव्हता
त्याला भरती-ओहोटीचं गणित कुठून आलं?
कुणीतरी त्याच्या मेजासमोर उभं राहिलं असणार,
ओल्या पायांनी,
बहुतेक बाईच,
आणि भांडून त्याच्या हातून तारीख बदलून घेतली असणार.
बहुतेक, असणार:
हे शब्द प्रबंधात चालत नाहीत. तरी लिहिले.
तळटीप दिली: बामीबाय वैती, तोंडी.
वय विचारलं तर म्हणाल्या,
मोठा बंधारा घातला तवा मी रांगत होते.
कुठला बंधारा, ते आता शोधायचं आहे.

निघताना दगड धुवायला तांब्या मागितला.
राहू दे, म्हणाल्या, त्यांचाही पोटाचा सवाल हाय.
तेव्हा पाहिलं, मुंग्या लागल्या होत्या.
खाचाखाचांतून पीठ उचलत
पूर्व, दक्षिण, पश्चिम
एकेक अक्षर पुसत चालल्या होत्या,
उत्तरेशी आल्या, तुटक्या काठावर क्षणभर थबकल्या,
आणि पलीकडे उतरल्या.